गाईड

मराठीच्या अध्यापकासमोर 'गाईड' हा शब्द उच्चारा आणि त्याच्या कपाळाकडे पाहा. तिथे आठी पडलीच म्हणून समजा. हे माझ्या एकट्याचे दुखणे नाही, आमच्या साऱ्या जातीचे आहे. आम्ही वर्गात एखाद्या कवितेतल्या एका शब्दापाशी दहा मिनिटे रेंगाळावे, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरच्या चिरंजीवांनी दप्तरातून गुळगुळीत मुखपृष्ठाचे एक पुस्तक काढून, कवीला काय म्हणायचे आहे ते चार मुद्द्यांत पाहून घ्यावे! त्या पुस्तकाचे नाव गाईड. जे वाचायचे ते वाचण्यापासून विद्यार्थ्याला वाचवणे, ही त्याची सारी करामत. गेली वीस वर्षे मी या पुस्तकाशी लढतो आहे. ते दर वर्षी नव्या आवृत्तीत निघते आणि मी दर वर्षी त्याच आवृत्तीत उभा असतो.

तेव्हा गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पुण्याहून मेहुण्यांचा फोन आला आणि त्यात हा शब्द निघाला, तेव्हा मला काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

"दाजी, सगळं ठरवून टाकलंय," मेहुणे म्हणाले. "मी शनिवारी रात्री कोल्हापुरात येतो. रविवारी पहाटे गाडी दारात. रांगणा किल्ला. आणि गाईड घेतलाय दिवसभरासाठी, फक्त आपल्यासाठी!"

'फक्त आपल्यासाठी' हे शब्द त्यांनी असे उच्चारले की जणू रांगणाच विकत घेतला आहे.

खरे सांगायचे तर आमच्या घराण्यात प्रवासासाठी माणूस ठरवण्याची चाल नाही. एस.टी.ने जावे, उतरल्यावर पानाच्या ठेल्यावर वाट विचारावी, तो एक सांगेल, पुढचा दुसरे सांगेल, त्या दोहोंच्या मधून आपण चालावे, ही आमची पद्धत. स्टेशनवर हमाल केला तरी आबा, म्हणजे माझे वडील, एक पिशवी आपल्या हातात ठेवीत. सगळेच ओझे दुसऱ्यावर टाकले असे होऊ नये म्हणून. पण विचार करता असे वाटले की ही चाल आपल्याकडे अगदीच नवी कशी म्हणावी? नाशिकला, काशीला गेलेला माणूस उतरल्याबरोबर तीर्थोपाध्यायाच्या स्वाधीन होतोच की! तो कुठे बुडी मारायची ते सांगतो, कुठे दक्षिणा ठेवायची तेही सांगतो, आणि आपली जुनी वही उघडून आपल्या पणजोबांची सहीसुद्धा दाखवतो. देवापर्यंत जायला वाटाड्या चालतो, मग डोंगरापर्यंत जायला का नको?

शिवाय बेत आबांसाठी होता. आबा आता ७६ वर्षांचे आहेत. पोस्टाच्या नोकरीत १९७४ च्या सुमाराला ते दोन वर्षे गारगोटीला होते. तेव्हा कचेरीतल्या चार मित्रांनी रांगण्याला जायचे ठरवले, भाकऱ्या कोणी आणायच्या हेही ठरले, आणि त्याच आठवड्यात आबांची बदली झाली. मित्र जाऊन आले. त्यांनी पत्रात गडाचे जे वर्णन लिहिले ते आबांना अजून पाठ आहे. पन्नास वर्षे एक माणूस न पाहिलेल्या किल्ल्याचे वर्णन सांगत असेल, तर त्याच्या घरच्यांनी केव्हा तरी गाडी काढलीच पाहिजे.

आबांना मी बेत सांगितला. ते म्हणाले, "गाईड? तो देव आनंदचा?" १९६५ सालचा तो चित्रपट त्यांनी कोल्हापुरात पाहिला होता. मी म्हटले, "नाही, हा गारगोटीचा."

रविवारी पहाटे पाचला आम्ही निघालो. आबा, मी, आमची मंडळी, अकरावीतली मुलगी आणि मेहुणे. कळंबा मागे पडला, इस्पुर्ली गेली, उजाडता उजाडता दोहो बाजूंना ऊसच ऊस दिसू लागला. बिद्रीला साखर कारखान्याची चिमणी अजून थंड होती. मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे पलीकडे बाळूमामांच्या आदमापूरला निघालेल्या गाड्यांची गर्दी. १९६६ साली समाधिस्थ झालेल्या या धनगर संताच्या नावाने आजही मेंढरांचे कळप रानोमाळ फिरतात आणि शेतकरी त्यांना आपल्या शेतात बसवणे भाग्याचे समजतात. आमच्या मंडळींनी गाडीतूनच हात जोडले. कोल्हापूर ते गारगोटी जेमतेम ५० किलोमीटर. पण या ५० किलोमीटरांत सपाटी संपते आणि क्षितिजावर निळी रेघ उगवते. ती रेघ म्हणजे सह्याद्री.

गारगोटीत आमचा गाईड उभा होता. मेहुण्यांनी बहुधा टोपी, दुर्बीण, गळ्यात ओळखपत्र अशी काही मूर्ती मनात धरली होती. हा पस्तिशीचा, सडपातळ, साधा सदरा-पँट घातलेला, पायात रबरी बूट, आणि हातात कोयता. त्याने आबांना वाकून नमस्कार केला, पुढच्या आसनावर आबाच बसतील याची खात्री करून घेतली, आणि स्वतः मागे सामानाशेजारी अंग चोरून बसला.

आणि बसला तो गप्पच बसला! गारगोटी गेली, तरी गप्प. मेहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी ते म्हणाले, "अहो, काही तरी सांगा की आम्हाला!"

"इचारा की, सांगतो," तो म्हणाला.

आता विचारायचे म्हणजे आधी पाहावे लागते. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो. मुलीने विचारले, "ते शेताभोवती जुन्या साड्या का बांधल्यात?" त्यावर तो बोलू लागला. गव्यांसाठी. रात्री गवे कळपाने उतरतात आणि भात, ऊस फस्त करतात. हलणारे रंगीत कापड पाहून थोडे दबकतात. राधानगरीच्या अभयारण्याची ख्याती या गव्यांवरच आहे. पर्यटकाने गवा पाहिला की त्याचा दिवस सार्थकी लागतो, शेतकऱ्याने पाहिला की त्याचे वर्ष वाया जाते. त्याची स्वतःची दीड एकर भातशेती होती. थोरला भाऊ मुंबईला. हा मात्र गारगोटीला शिकून इथेच राहिला. भात, नाचणी, मधाच्या पेट्या आणि सुटीच्या दिवशी आमच्यासारखे पाहुणे, असा त्याचा प्रपंच.

गारगोटीला शिकलो, असे तो म्हणाला तेव्हा मला जे. पी. नाईक आठवले. १९०७ साली शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेला हा माणूस पुढे १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाचा सदस्य-सचिव झाला. साऱ्या देशाच्या शिक्षणाचा आराखडा त्याच्या हाताखालून गेला. पण त्याआधी त्याने गारगोटीसारख्या आडगावी मौनी विद्यापीठ उभे केले. १९५६ साली केंद्र सरकारने ज्या पहिल्या ग्रामीण संस्था सुरू केल्या, त्यांत गारगोटी होती. खेड्यातल्या मुलाने शिकून खेड्याला पाठमोरे होऊ नये, ही त्यामागची तळमळ. तिचे पुढे किती फळ आले याचा हिशेब शिक्षणतज्ज्ञांनी करावा. आमच्या गाडीत मागे सामानाशेजारी त्यातले एक बसले होते एवढे मी पाहिले.

विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले ते मौनी महाराज पाटगावचे. कडगाववरून आम्ही पाटगावला पोचलो तेव्हा आठ वाजले होते. आधी धरणाकडेच्या एका चढावर जाऊन मौनीसागराचे पाणी पाहिले. वेदगंगा याच डोंगरातून येते; पुढे ती दूधगंगेला आणि दूधगंगा कृष्णेला मिळते. पावसाळा नुकताच सरला होता. पाणी काठोकाठ, त्यात डोंगर उलटे उभे, आणि त्यांच्या शेंड्यांवर, म्हणजे पाण्याच्या तळाशी, पांढरा ढग.

चढावर आबा दोनदा थांबले. एकदा त्यांनी मला गारगोटीच्या जुन्या पोस्टमास्तरांची गोष्ट सांगितली, एकदा मुलीला पाणकोंबडी दाखवली. आबांना दम लागला की गोष्ट आठवते. ही त्यांची युक्ती आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणीही तिचा उच्चार करीत नाही.

मग मठात गेलो. १६७६ साली, दक्षिणेच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी, शिवछत्रपती इथे मौनी महाराजांच्या दर्शनाला आले होते असे सांगतात. मला नेहमी त्या भेटीचे कुतूहल वाटत आले आहे. एक राजा, ज्याच्या एका शब्दावर हजारो घोडी उधळतात. आणि एक साधू, ज्याचे नावच मौनी. राजाने काय विचारले असेल? त्याला काय उत्तर मिळाले असेल? आम्हा बोलण्यावर पोट भरणाऱ्यांना अशा गुरूचे मोठे कोडे पडते. मी समाधीपुढे बसलो. आमचा वाटाड्या दाराशी उभा होता, मेहुण्यांनी मठाचा इतिहास विचारल्यावर त्याने एवढेच म्हटले, "जरा बसा, मग सांगतो." आम्ही बसलो. त्याने पुढे काही सांगितले नाही, आणि नवल असे की मेहुण्यांनीही पुन्हा विचारले नाही.

बाहेर आल्यावर मध घेतला. पाटगावला आता 'मधाचे गाव' म्हणतात. घरोघरी सातेरी माशांच्या पेट्या आहेत. २०२३ साली केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने देशातल्या उत्तम पर्यटन-गावांत पाटगावची निवड केली. सातेरी ही पेटीत राहणारी, संसारी माशी; आग्या मात्र उंच झाडावर नाही तर कड्यावर उघडे मोहोळ लावणार आणि चिडला तर पाठ सोडणार नाही. आग्याच्या मोहोळाखालून जाताना बोलायचे नाही, धूर करायचा नाही, अत्तर लावून तर जायचेच नाही. हे ऐकल्यावर मेहुण्यांनी आपल्या सदऱ्याचा वास घेऊन पाहिला.

भटवाडीला गाडीचा रस्ता आमच्यापुरता संपला. इथून पायवाट. मंडळींनी डबे वाटून पिशव्यांत भरले, मेहुण्यांनी बुटाचे बंद आवळले. आबांनी काठी काढली. ती त्यांनी मुद्दाम या दिवसासाठी आणली होती. तिच्या टोकाला नवे रबर होते. आमचा माणूस मात्र गाडीतून उतरून पन्नास पावले पुढे गेला आणि तिथेच उभा राहिला. पश्चिमेकडे पाहत तो बराच वेळ उभा होता. मग परत आला.

"सर, आज वर जायाचं न्हाई."

मी विचारले, "का?"

"ढग बसलाय बघा. पळता ढग असता तर काय न्हवतं. ह्यो पहाटेपासनं हललेला न्हाई. दुपारनंतर ओतणार. मधी वढा हाय. जाताना जाशीला, येताना अडकशीला."

वर पाहिले तर आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होते. मेहुण्यांनी खिशातून फोन काढला आणि हवामान पाहून जाहीर केले की पावसाची शक्यता नाममात्र आहे. मग ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, "हे पाहा, आम्ही रांगण्याचे पैसे ठरवलेत. मी पुण्याहून आलोय. म्हाताऱ्या माणसाला इथपर्यंत आणलंय. तुम्ही आता नाही म्हणता?"

"व्हय, न्हाई म्हणतोय," तो म्हणाला. "पैसं देऊ नका."

असे म्हणताना त्याचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. आम्ही सगळे गप्प झालो. त्या गप्प होण्यात प्रत्येकाचे वेगळे होते. मेहुण्यांचा राग होता; मंडळींची काळजी होती. मला दिसत होती ती आबांच्या काठीची नवी टोपी. पन्नास वर्षांपूर्वी पोस्टाच्या एका कागदाने त्यांना या वाटेवरून परत फिरवले होते; आज वाट पुढ्यात होती, पाय अजून थोडे बाकी होते, आणि पुढच्या वर्षी ते असतील की नाही हे कोणी सांगावे? एका माणसाची आयुष्यभराची इच्छा एका बाजूला आणि डोंगरावरचा मूठभर ढग दुसऱ्या बाजूला.

आबा काहीच बोलत नव्हते. तेव्हा तो त्यांच्याजवळ गेला. आमच्याशी बोलला त्याहून वेगळ्या, मायेच्या सुरात म्हणाला, "आबा, शाहू महाराजांची फौज आली होती ह्या गडाला. वेढा घातलेला. पावसानं उठवला. राजाची फौज माघारी गेली, आपण तर पाच माणसं."

मी इतिहासाचा अध्यापक नव्हे, पण ही गोष्ट खरी आहे. १७०८ साली शाहूंनी पन्हाळा घेतला तेव्हा ताराराणी रांगण्यावर आल्या. शाहूंनी रांगण्यालाही वेढा दिला, त्या सिंधुदुर्गाकडे निघून गेल्या, आणि गड रामचंद्रपंत अमात्यांनी लढवला. मग पावसाळा आला आणि वेढा उठला. ज्या अमात्यांनी पुढे आज्ञापत्रात गडाच्या वाटा सोप्या असू नयेत, भोवतालचे रान तोडू नये, असे बजावले, त्यांना रांगण्याने ते प्रत्यक्षच शिकवले असेल.

आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आले. "म्हणजे आपण शाहू महाराजांच्या रांगेत बसलो!" ते म्हणाले, आणि काठी त्यांनी आपल्या हातानेच गाडीत ठेवली.

पाटगावला परत येऊन चहा घेताना त्याने मला बाजूला बोलावले. "सर, ढग हायच. पण आबा मघाशी चढावर दोनदा गोष्ट सांगाय थांबले. त्येंच्यासमोर बोललो न्हाई." एवढे बोलून तो कपबशी विसळायला गेला.

आमच्या घरातले गुपित त्याने तीन तासांत ओळखले होते, आणि आमच्याप्रमाणेच ते झाकूनही ठेवले होते. आबांना परत फिरवायला त्याच्यापाशी दोन कारणे होती. त्यांतले ज्याने त्यांचा मान राखला जाईल तेवढेच त्याने सर्वांदेखत उच्चारले, आणि त्याला सोबत म्हणून साक्षात छत्रपतींची फौज दिली.

"आता भुदरगडला चला," तो म्हणाला. "गाडी वरपातूर जाती. आबांना वर सपाटीवर कितीबी चालू दे."

भुदरगड गारगोटीपासून जवळच. पेठ शिवापूरवरून रस्ता थेट गडावर जातो. वर गेल्यावर डोळ्यांना आधी ओळखूच येत नाही की आपण गडावर आहोत. मैदानासारखे लांबरुंद पठार, जांभा दगड, कमरेइतके पिवळे गवत, आणि मध्ये भला मोठा तलाव. त्याचे पाणी दुधात माती कालवल्यासारखे. म्हणून नाव दूधसागर. गड शिलाहारांच्या काळचा, दुसऱ्या भोजाने बांधलेला म्हणतात. शिवाजी महाराजांनी १६६७ साली त्याची दुरुस्ती केली. पुढे तो मोगलांकडे गेला, आणि १६७२ साली मराठ्यांनी छापा घालून परत घेतला. त्या वेळी हाती लागलेली शत्रूची निशाणे भैरवनाथाला वाहिली. भैरवनाथाचे देऊळ गडावर आहे, आणि त्याच्यापुढे बसून ही गोष्ट ऐकताना मुलीने पहिल्यांदाच फोन खाली ठेवला.

पण आबांना दुसरी गोष्ट आवडली. १८४४ साली इथल्या गडकऱ्यांनी बंड केले. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या मर्जीतला कारभारी आला, त्याने गडकऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क काढून घेतले. आधी सामानगड उठला, पाठोपाठ भुदरगड. इंग्रज फौजेने तोफा लावून दोन्ही गड घेतले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या लोकांना गडाची प्रत्येक वाट, प्रत्येक पाणी आणि प्रत्येक चोरदिंडी ठाऊक, ते एका फर्मानाने परके ठरले. आमचा वाटाड्या ही गोष्ट सांगताना पडक्या तटावर हात ठेवून उभा होता. मला वाटून गेले की गडकरी गेले, तरी त्यांचे काम मागे राहिलेच. वाट कोणाला मोकळी आणि कोणाला बंद, हे अजून कोणी तरी सांगावेच लागते.

आबा त्या पठारावर तासभर चालले. काठी गाडीतच राहिली होती. एकदाही त्यांना गोष्ट आठवली नाही. दुपारी तीनच्या सुमाराला ते पश्चिमेच्या कडेला जाऊन उभे राहिले. वाटाड्याने हात लांबवून दाखवले, "तिकडं. त्यो काळा ढग दिसतोय न्हवं, त्याच्या खाली रांगणा." आबा बराच वेळ तिकडे पाहत होते. तो ढग आता पांढरा राहिला नव्हता आणि त्याच्या खालची रेघ पुसून गेली होती.

परतताना मेहुण्यांनी ठरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि वर शंभराच्या पाच नोटा ठेवल्या. त्याने पैसे मोजले, नोटा परत केल्या. "दिवस मोडला त्येचं झालं," म्हणाला. गारगोटीच्या चौकात तो उतरला आणि कोयता काखेत मारून चालू लागला. १३ डिसेंबर १९४२ च्या पहाटे याच गावातल्या कचेरीवर हल्ला करताना ७ जण धारातीर्थी पडले. त्यांनाही डोंगरातल्या अशाच वाटा पाठ असणार.

त्या संध्याकाळी ओढ्याला पूर आला की नाही, हे आम्हाला कधीच कळले नाही. कळणार तरी कसे? आम्ही तिथे नव्हतो. वाटाड्याच्या धंद्यातली हीच मोठी गंमत आहे. त्याने चुकीची वाट दाखवली तर साऱ्या जगाला कळते. त्याने योग्य वेळी 'नाही' म्हटले तर त्याचा पुरावाच मागे राहत नाही. छापील गाईडाचे यश गुणपत्रिकेवर दिसते. याचे यश म्हणजे पाच माणसे घरी येऊन पिठलेभात जेवली, एवढेच. आणि पिठलेभाताचे आभार मानण्याची आपल्यात रीत नाही.

युरोपातही हा धडा स्वस्तात मिळालेला नाही. १८२० साली डॉ. हॅमेल नावाचे एक विद्वान माँ ब्लाँ शिखरावर निघाले. हवा बिघडली होती, वाटाडे नको म्हणत होते. पाहुण्यांनी आग्रह धरला. बर्फाचा कडा कोसळला आणि तीन वाटाडे त्याखाली गेले. हॅमेल वाचले. पुढच्याच वर्षी, १८२१ साली, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभारली. ती आजही आहे. बर्फाखाली गेलेल्या त्या तिघांचे अवशेष हिमनदीने चाळीस वर्षांनी खाली गावाजवळ आणून सोडले. पैसे देणाऱ्याचा हट्ट आणि वाट जाणणाऱ्याचा नकार यांत कोणाचे चालावे, हा प्रश्न डोंगराने त्या गावाला असा समजावून दिला. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यांवरच्या आणि गडांवरच्या अपघातांच्या बातम्या दर वर्षी येतात. त्या वाचताना माझ्या मनात येते की यांच्यापुढे कोणी तरी 'पैसं देऊ नका' म्हणणारा उभा असायला हवा होता.

माघात त्याचा फोन आला. "सर, वाट सुकली. ढग न्हाई, जळवा न्हाईत. आबांना घिऊन या." मी आबांना सांगितले. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले, मग म्हणाले, "तुम्ही दोघं जा. मी पाटगावपर्यंत येतो. मठात बसेन." का, ते त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

मी आणि मुलगी त्याच्यामागून रांगणा चढलो. रांगणाईचे देऊळ पाहिले, तळे पाहिले, कोकण दरवाजापाशी उभे राहून खाली उतरत गेलेले कोकण पाहिले. संध्याकाळी परत आलो तेव्हा आबा मठाच्या दारात उन्हाच्या शेवटच्या तुकड्यात बसले होते. मुलगी त्यांच्याशेजारी बसली आणि सांगू लागली. तट कसा, तळे कसे, वारा कसा. आबा डोळे मिटून ऐकत होते. मित्रांचे पत्र ते असेच वाचत असतील.

तिचे सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, "वाटेतल्या ओढ्याला पाणी होतं?"

"नव्हतं, आबा. कोरडा होता," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण काठावरच्या झाडांच्या फांद्यांत वाहून आलेलं गवत अडकलं होतं. माझा हात पुरत नव्हता इतक्या वर."

आबांनी डोळे उघडले. समोर तो वाटाड्या गाडीच्या टपावर आमच्या पिशव्या बांधत होता. त्यांनी त्याला हाक मारली आणि आपल्या शेजारची जागा हाताने झाडून त्याला बसायला सांगितले.